सरडगुहिरा : बंदिवासातील प्रजनन व पिलांचे संगोपन

सरडगुहिरा : सरीसृप (सरपटणाऱ्या प्राण्यांच्या) वर्गाच्या कॅमिलिऑनिडी कुलातील वृक्षवासी सरडा. यालाच घोयरा सरडा किंवा शॅमेलिऑन असेही म्हणतात. या कुलात २०० हून अधिक जाती असून त्यांतील बहुसंख्य आफ्रिका खंडात व मादागास्कर बेटावर आढळतात. भारतात सर्वाधिक परिचित असलेल्या जातीचे शास्त्रीय नाव कॅमिलिओ झेलॅनिकस असे आहे. लॉरेंटी या शास्त्रज्ञांनी १७६८ मध्ये तिचे वर्णन केले. द्वीपकल्पीय भारताचा कोरडा प्रदेश, पाकिस्तानचा काही भाग व श्रीलंकेचा कोरडा उत्तर भाग असा तिचा प्रसार आहे. महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण पठारी भागात ती आढळते.

सरडगुहिऱ्याचे बंदिवासात प्रजनन घडवून आणण्याचे प्रयत्न मुख्यतः परदेशी जातींवर झाले आहेत. त्यांतून मिळालेल्या माहितीचा उपयोग सोलापूरच्या माळरानावरील जातीचे जीवनचक्र समजून घेण्यासही होतो. या माहितीचा सारांश असा की, सरडगुहिऱ्याची अंडी मिळविणे फारसे अवघड नाही. ती अनेक महिने योग्य ऊब व ओल देऊन टिकविणे अवघड आहे, आणि त्यांतून निघालेली पिले पहिले काही आठवडे जगविणे त्याहून अवघड आहे.

शरीररचना व संगोपनाच्या गरजा : पूर्ण वाढलेल्या भारतीय सरडगुहिऱ्याची लांबी शेपटासह सु. ३५ ते ३८ सेंमी. असते. शरीर दोन्ही बाजूंनी चपटे असून डोक्यावर मागील बाजूस शिरस्त्राणासारखा उंचवटा असतो. पायाची बोटे दोन गटांत जुळलेली असतात. पुढच्या पायात आतील बाजूस तीन व बाहेरील बाजूस दोन, तर मागच्या पायात याच्या उलट अशी त्यांची मांडणी असते. या चिमट्यासारख्या पायांनी व वेटोळे घालणाऱ्या शेपटाने प्राणी फांदी घट्ट धरतो. त्यामुळे त्याला सपाट जमिनीवर ठेवणे त्याच्या शरीररचनेच्या विरुद्ध आहे. पिंजरा रुंद असण्यापेक्षा उंच असावा लागतो व त्यात निरनिराळ्या जाडीच्या आडव्या फांद्या लागतात.

दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरतात. भक्ष्य टप्प्यात आले की, दोन्ही डोळे त्यावर रोखले जातात व चिकट टोकाची लांब जीभ झटक्यात बाहेर फेकली जाते. जिभेच्या हाडाभोवतीच्या स्नायूंनी ताणलेल्या लवचिक ऊतकात साठविलेली ऊर्जा एकदम मोकळी झाल्याने हा वेग मिळतो. रंगबदल हा मुख्यतः परिसरात लपण्यासाठी असतो, ही समजूत बरोबर नाही. इतर सरडगुहिऱ्यांना इशारा देणे आणि शरीराचे तापमान राखणे ही त्याची प्रमुख कार्ये आहेत. मादागास्करमधील फर्सिफर पार्डॅलिस या जातीच्या त्वचेतील ग्वानिनाच्या सूक्ष्म स्फटिकांमधील अंतर बदलल्याने परावर्तित प्रकाशाचा रंग बदलतो, असे २०१५ मध्ये दाखविण्यात आले. पालकाच्या दृष्टीने या रंगभाषेला विशेष महत्त्व आहे, कारण मादी मीलनास अनुकूल आहे की नाही, ती अंडी धारण करून आहे की नाही आणि पिले तणावाखाली आहेत की नाहीत, हे रंगावरूनच ओळखावे लागते.

सोलापूर परिसरातील ऋतुचक्र : सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. मे महिन्यात कमाल तापमान ४०° से.च्या वर जाते, तर डिसेंबरात रात्रीचे किमान तापमान सु. १५° से. पर्यंत उतरते. पाऊस जून ते ऑक्टोबर या काळात पडतो व त्यातील सप्टेंबरचा पाऊस सर्वांत भरवशाचा असतो. या पावसाच्या ओलीवरच जिल्ह्यातील रब्बी ज्वारी उभी राहते. बाभूळ, बोर, हिवर, कडुनिंब ही झाडे, शेताच्या बांधांवरील झुडपे आणि माळरानाच्या कडेची खुरटी वने हे सरडगुहिऱ्याचे वसतिस्थान होय. नान्नज येथील माळढोक पक्षी अभयारण्य १९७९ मध्ये माळढोकासाठी घोषित झाले. तथापि अशा संरक्षित माळरानाचा व त्यालगतच्या झुडुपांचा लाभ इतर अनेक प्राण्यांनाही होतो.

एरवी झाडावर राहणारी मादी अंडी घालण्यासाठी जमिनीवर उतरते. पावसाळा संपत आल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास, जमीन ओलसर व उकरण्याजोगी मऊ असते. याच सुमारास रब्बीच्या पेरणीची धांदल असते. मादीची चाल अत्यंत मंद व हेलकावे देत पडणारी असल्यामुळे शेतात, पायवाटेवर किंवा रस्त्यावर ती सहज नजरेस पडते. सरडगुहिरा विषारी आहे, त्याचा फूत्कार किंवा स्पर्श घातक आहे, अशा समजुती ग्रामीण भागात रूढ आहेत. वस्तुतः त्याला विषग्रंथी किंवा विषदंत नसतात. डिवचल्यास तो शरीर फुगवितो, तोंड उघडून फूत्कारतो व क्वचित चावतो. परंतु त्यापासून माणसास धोका नसतो. या भीतीपोटी मारली जाणारी मादी बहुधा अंडी धारण केलेली असते. म्हणजे एका प्राण्याबरोबर एक संपूर्ण पिढी नष्ट होते.

प्रजनन : भारतीय जातीत नराच्या मागच्या पावलाच्या टाचेजवळ लहान आरीसारखा उंचवटा असतो. या जातीचे जुने नाव ‘कॅल्केरॅटस’ (आरी असलेला) हे त्यावरूनच पडले. येमेन व सौदी अरेबिया येथील कॅमिलिओ कॅलिप्ट्रेटस या जातीतही अशी आरी असते व ती नर पिलात जन्मापासून दिसते. ही जाती कोरड्या हवामानास सरावलेली, काटक व भरपूर अंडी घालणारी असल्यामुळे बंदिवासातील प्रजननाची बहुतेक माहिती तिच्यापासून मिळाली आहे.

सरडगुहिरे एकलकोंडे असतात. नर व मादी यांना कायम एकत्र ठेवल्यास मादी तणावाखाली राहते. म्हणून ती अनुकूल असतानाच तिला नराच्या पिंजऱ्यात सोडतात. अनुकूल मादी शांत राहते व फिकट रंग धारण करते. प्रतिकूल मादी गडद होते, तोंड उघडते व डुलत नराला धमकावते. अशा वेळी दोघांना लगेच वेगळे करावे लागते. मीलनानंतर काही दिवसांत मादीचा रंग गडद होऊन त्यावर उठावदार ठिपके दिसू लागतात व त्यानंतर ती नराला जवळ येऊ देत नाही. काही जातींत मादी नराचे शुक्राणू शरीरात साठवून ठेवू शकते. त्यामुळे एका मीलनानंतर पुन्हा नराशी संबंध न येताही ती सफल अंडी घालू शकते.

कॅमिलिओ कॅलिप्ट्रेटसमध्ये मीलनानंतर साधारणतः तीन ते पाच आठवड्यांनी अंडी घातली जातात व त्यांची संख्या २० ते ७० किंवा क्वचित त्याहूनही अधिक असते. भारतीय जातीत ती सु. १० ते ३० असते. बंदिवासात मादीला भरपूर खाद्य व सतत उष्णता दिल्यास अंड्यांची संख्या वाढते, पण तिचे आयुष्य घटते. प्रत्येक अंड्यासाठी लागणारे कॅल्शियम तिच्या हाडांतून खर्च होते. म्हणून अनुभवी पालक मादीचा आहार मोजका ठेवतात व दोन वेतांत पुरेसे अंतर राखतात.

आफ्रिकेतील ट्रायोसेरॉस जॅक्सोनाय यासारख्या डोंगराळ भागातील काही जाती अंडी न घालता पिलांना जन्म देतात. थंड हवेत जमिनीतील अंड्यांना पुरेशी ऊब मिळत नाही. मादीच्या शरीरात मात्र ती उन्हाला बसून मिळविता येते.

अंडी घालणे : अंडी घालण्यापूर्वी मादी खाणे कमी करते व पिंजऱ्याच्या तळाशी अस्वस्थपणे फिरू लागते. या वेळी तिला २० ते ३० सेंमी. खोल ओलसर वाळू किंवा वाळूमिश्रित माती असलेले भांडे द्यावे लागते. मुठीत दाबल्यावर आकार टिकेल, पण पाणी निथळणार नाही, इतकी ओल योग्य समजतात. मादी तिरपे बीळ खणते, त्यात मागे सरकून अंडी घालते व बीळ मातीने बुजवून टाकते. या कामास काही तासांपासून एक-दोन दिवस लागतात. त्या वेळी माणसांची वर्दळ जाणवल्यास ती खणणे सोडून देते. योग्य जागा न मिळाल्यास अंडी शरीरातच अडकून राहतात व मादी दगावते. बंदिवासातील माद्यांच्या मृत्यूचे हे एक प्रमुख कारण आहे. मादी अंड्यांची राखण करीत नाही.

अंड्यांची उबवण : सरडगुहिऱ्याच्या अंड्याचे कवच पक्ष्याच्या अंड्यासारखे कठीण नसून चामड्यासारखे लवचिक असते. उबवणीच्या काळात अंडे सभोवारच्या ओलीतून पाणी शोषून घेते व आकाराने मोठे होते. माती फार कोरडी असल्यास ते सुरकुतते. फार ओली असल्यास कवच फुगते, त्यास बुरशी लागते व भ्रूण गुदमरतो. अंडी मातीतून काढताना ती ज्या स्थितीत असतील त्याच स्थितीत उचलावी लागतात. वरच्या बाजूस पेन्सिलीने हलकी खूण करतात, कारण भ्रूण कवचाला चिकटल्यावर अंडे उलटले, तर तो मरण्याचा संभव असतो. अंडी झाकणाच्या डब्यात, ओलसर केलेल्या व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट या खनिज पदार्थात एकमेकांपासून वेगळी, अर्धवट पुरून ठेवतात. हवेसाठी झाकणाला बारीक छिद्रे पाडतात. डबा अंधारात व स्थिर तापमानात ठेवतात.

कॅमिलिओ कॅलिप्ट्रेटसची अंडी सु. २६° ते २८° से. तापमानात सहा ते नऊ महिन्यांत फुटतात. फर्सिफर पार्डॅलिसच्या अंड्यांना सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत काळ लागतो, तर मादागास्करमधील पार्सन सरडगुहिऱ्याची अंडी वर्ष-दीड वर्षाहूनही अधिक काळ तशीच राहतात. हा दीर्घ काळ केवळ मंद वाढीमुळे लागत नाही. अनेक जातींत अंडी घातली जातात त्या वेळी भ्रूण अगदी प्राथमिक अवस्थेत असतो व त्याच अवस्थेत त्याची वाढ काही महिने थांबून राहते. याला भ्रूणविराम म्हणता येईल. रॉबिन अँड्र्यूज यांनी कॅमिलिओ कॅलिप्ट्रेटसच्या अंड्यांवर या विरामाचा अभ्यास केला. पावसाळ्याच्या अखेरीस घातलेली अंडी प्रतिकूल ऋतू जमिनीत काढतात आणि पिले कीटकांची रेलचेल असलेल्या काळात बाहेर येतात, हा या विरामाचा लाभ होय. म्हणून काही पालक अंडी प्रथम कमी व नंतर वाढत्या तापमानात ठेवतात. अशाने सर्व भ्रूणांची वाढ एकाच सुमारास सुरू होते, असा त्यांचा अनुभव आहे. तापमान वाढवून उबवण घाईने उरकल्यास पिले लहान व अशक्त निपजतात.

उबवणीच्या तापमानावरून पिलांचे लिंग ठरते, अशी समजूत पालकांत बराच काळ प्रचलित होती. मगर व अनेक कासवांच्या बाबतीत ती खरी आहे. कॅमिलिओ कॅलिप्ट्रेटसमध्ये मात्र निरनिराळ्या तापमानांत उबविलेल्या अंड्यांतून नर व माद्या जवळपास सारख्याच प्रमाणात निघतात, असे अँड्र्यूज यांनी २००५ मध्ये दाखवून दिले.

भ्रूणविरामाचे टोकाचे उदाहरण मादागास्करच्या फर्सिफर लॅबोर्डाय या जातीत दिसते. तिची अंडी आठ-नऊ महिने जमिनीत असतात व बाहेर आलेला प्राणी केवळ चार-पाच महिने जगतो, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून निष्पन्न झाले. या प्राण्याच्या आयुष्याचा मोठा भाग अशा रीतीने अंड्यातच जातो.

सोलापूरच्या मातीत हीच व्यवस्था निसर्गतः उपलब्ध असते. पृष्ठभागावर दिवसरात्रीच्या तापमानातील फरक मोठा असला, तरी सु. ३० सेंमी. खोलीवर तो फारच कमी जाणवतो व तेथे ओलही अधिक काळ टिकते. बांधाची न नांगरलेली माती म्हणजे तापनियंत्रकाशिवाय चालणारी उबवणपेटीच होय. बांध काढून शेते सपाट केली किंवा खोल नांगरट केली की, ही पेटी मोडते.

पिलांचे बाहेर पडणे : फुटण्यापूर्वी अंड्यांवर घामासारखे बारीक थेंब दिसतात व ती किंचित आकसतात. पिलू तोंडाच्या टोकावरील अंडदंताने कवचाला चिरा पाडते व केवळ डोके बाहेर काढून कित्येक तास तसेच पडून राहते. या काळात उरलेला पीतक (अंड्यातील पिवळा बलक) पोटात शोषला जातो. पिलू अडकले आहे असे समजून त्याला ओढून काढल्यास पीतककोश फाटून ते मरते. अंडदंत पुढे गळून पडतो. कॅमिलिओ कॅलिप्ट्रेटसचे नवजात पिलू शेपटासह ५ ते ७ सेंमी. लांब असते. ते जन्मतःच स्वतंत्र असते. फांदी धरणे, रंग बदलणे व जीभ फेकणे या सर्व क्रिया त्याला शिकवाव्या लागत नाहीत.

पिलांचे संगोपन : पहिल्या एक-दोन दिवसांत पिले पीतकावर जगतात. त्यानंतर त्यांना दिवसातून दोन-तीन वेळा खाद्य लागते. पंख नसलेल्या फळमाश्या आणि नुकतेच जन्मलेले रातकिडे हे पहिले खाद्य होय. कीटकाची लांबी पिलाच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा जास्त नसावी, असा साधा नियम पाळतात. सरडगुहिरा मेलेले किंवा निश्चल भक्ष्य सहसा ओळखत नाही; हालचाल दिसली, तरच जीभ फेकतो. त्यामुळे पिले बाहेर पडण्यापूर्वीच कीटकांची पैदास सुरू करावी लागते. चाळीस पिलांना रोज शेकडो बारीक कीटक लागतात आणि बहुतेक हौशी पालकांचा प्रयत्न येथेच फसतो.

पिले भांड्यातील साचलेले पाणी पीत नाहीत. पानांवरचे दवबिंदू किंवा पावसाचे थेंब चाटणे हा त्यांचा निसर्गक्रम आहे. म्हणून दिवसातून काही वेळा पानांवर बारीक तुषार मारावे लागतात. एका ग्रॅमच्या आसपास वजन असलेल्या पिलाचे शरीर फार लवकर कोरडे पडते. सोलापूरसारख्या ठिकाणी एप्रिल–मेमधील कोरडी हवा ही कोणत्याही बंदिस्त पिलास सर्वांत मोठा धोका ठरेल. याउलट हवा न खेळणाऱ्या काचेच्या पेटीत सतत ओल राहिल्यास श्वसनमार्गाचे रोग होतात. पिंजरा जाळीचा, हवेशीर व झाडपाल्याने भरलेला असावा. वरच्या एका टोकास सु. २९° ते ३०° से.ची उबदार जागा व खाली थंड सावली ठेवल्यास पिलू स्वतःच योग्य जागा निवडते. रात्री तापमान उतरणे हितावह असते.

उन्हातील २९० ते ३२० नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार (वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील) किरण त्वचेवर पडले की, ड जीवनसत्त्व तयार होते व आतड्यातून कॅल्शियमाचे शोषण होऊ शकते. हे किरण खिडकीच्या साध्या काचेतून जवळजवळ येत नाहीत. त्यामुळे काचेआडचे ऊन पिलाला ऊब देते, पण पोषण देत नाही. गॅरी फर्ग्युसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, आहारात ड जीवनसत्त्व कमी मिळालेले फर्सिफर पार्डॅलिस या जातीचे प्राणी जंबुपार किरणांत अधिक वेळ बसतात, असे दिसून आले.

पाळीव कीटकांत फॉस्फरस जास्त व कॅल्शियम फारच कमी असते. म्हणून कीटकांना आधी हिरवा पाला व भाज्या खाऊ घालतात आणि पिलांसमोर सोडण्यापूर्वी त्यांवर कॅल्शियमाची भुकटी शिंपडतात. यात चूक झाल्यास वाढीच्या वयात हाडे मऊ पडतात. पाय वाकणे, जबडा रबरासारखा होणे, फांदीवरची पकड सुटणे व जीभ नीट न फेकली जाणे ही त्याची लक्षणे होत. मुलांच्या मुडदूस रोगाशी त्याचे साम्य आहे. वाकलेली हाडे पुढे सरळ होत नाहीत. अ जीवनसत्त्वाच्या अभावी पापण्या सुजतात; मात्र अ व ड ही जीवनसत्त्वे अतिरिक्त प्रमाणात दिल्यास तीही अपायकारक ठरतात.

पिले एकत्र ठेवावीत की वेगळी, या प्रश्नाचे उत्तर वयावर अवलंबून आहे. गर्दीत मोठी पिले लहानांचे खाद्य पळवितात, शेपट्या चावतात व दबलेली पिले गडद रंग धारण करून खुरटतात. दुसरीकडे, सुरुवातीपासून एकेकटी वाढविलेली कॅमिलिओ कॅलिप्ट्रेटसची पिले इतरांसमोर अधिक दबून वागतात, त्यांचे रंग फिके राहतात व ती भक्ष्य पकडण्यातही मंद असतात, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळून आले. म्हणून पहिले काही आठवडे लहान गटांत, आकारमानानुसार निवड करून, व नंतर दोन-तीन महिन्यांच्या सुमारास स्वतंत्र पिंजऱ्यात ठेवण्याची पद्धत रूढ झाली आहे.

कायदा व संरक्षण : भारतीय सरडगुहिऱ्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. त्याला पकडणे, मारणे, विकणे किंवा घरी पाळणे हा गुन्हा आहे. वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातही त्याचा समावेश आहे. अशा परदेशी जातींचे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन २०२२ च्या दुरुस्तीने घातले आहे. परदेशी प्राणी निसटल्यास होणारा परिणाम हवाई बेटांवर दिसतो. तेथे १९७२ मध्ये मोकळे सोडलेले जॅक्सन सरडगुहिरे रानात स्थिरावले व स्थानिक कीटकांना आणि गोगलगाईंना त्यांचा उपद्रव होऊ लागला. येमेनी जातीही तेथे व फ्लॉरिडात पसरली आहे. कोरड्या दख्खन पठारावर ती मोकळी सुटू नये, यासाठी दक्षता आवश्यक आहे.

अशा स्थितीत बंदिस्त प्रजननाचे ज्ञान सोलापूरच्या शेतकऱ्यास वा निसर्गप्रेमीस वेगळ्या प्रकारे उपयोगी पडते. खोदकामात पांढरट, मऊ कवचाची अंडी उघडी पडल्यास ती न उलटता, वरची बाजू वरच ठेवून, त्याच खोलीवर ओलसर मातीत पुन्हा झाकावीत व वन विभागास कळवावे. जमिनीवर हळूहळू चालणारी मादी दिसल्यास तिला तिच्या वाटेने जाऊ द्यावे. रस्त्यावर असल्यास काठीवर चढवून, ती ज्या दिशेने जात होती त्या बाजूच्या झुडपात सोडावे. जखमी प्राणी वन विभागाच्या हवाली करावा. पिंजऱ्यात ऊब, ओल, ऊन व कीटक यांचा जो मेळ अतिशय कष्टाने साधावा लागतो, तो बांधावरच्या बोरीबाभळींत व त्यांखालच्या मातीत आपोआप साधलेला असतो. या जातीच्या संवर्धनासाठी तो बांध राखणे हाच सर्वांत सोपा व खात्रीचा उपाय आहे.